कृष्णेच्या उगमाशी दोन दिवस

पावसाळा लागला की सांगलीतील घराघरांतून एक प्रश्न ऐकू येतो : "आज किती फूट?" हा प्रश्न आयर्विन पुलाजवळील कृष्णेच्या पाणीपातळीविषयी आहे, हे येथे कोणालाही सांगावे लागत नाही. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे येथील मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. आमची लेक तेव्हा पाच वर्षांची होती. गावभागातील घराच्या जिन्यावरून तिला नावेत उतरवून घ्यावे लागले. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजू लागली की ती अंथरुणात उठून बसे आणि तोच प्रश्न विचारी. "काही होत नाही, झोप" हे माझे ठरलेले उत्तर होते. त्याने तिचे समाधान होत नसे, आणि खरे सांगायचे तर माझेही होत नसे.

ती नऊ वर्षांची झाली, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीच्या अखेरीस आम्ही दोघी दोन दिवसांसाठी महाबळेश्वरला गेलो. आपल्याही घरात असे एखादे मूल असेल, तर या लहानशा सहलीची हकिकत आपल्या उपयोगी पडावी, म्हणून ती येथे सांगत आहे.

सांगलीहून पेठ नाका, कराड, सातारा आणि वाई असा हा रस्ता आहे. सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या जेवणापर्यंत आपण वर पोहोचतो. वाईनंतर पसरणीचा घाट सुरू होतो, आणि मुलांसोबत जाणाऱ्यांची पहिली परीक्षा तेथेच असते. घाटापूर्वी पोटभर खाऊ घालू नये. तसे अगदी रिकाम्या पोटीही नेऊ नये. मुलाला मोबाईल किंवा पुस्तक पाहू न देता समोर दूरवर पाहायला सांगावे आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी. कानांना दडे बसल्यास घोट घोट पाणी द्यावे. हे सारे ठाऊक असूनही वाईला मी लेकीला भरपेट मिसळ खाऊ दिली आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्याचे प्रायश्चित्त दोघींनी घेतले. रस्त्याच्या कडेला थांबून तोंडावर पाणी मारले, तेव्हा खाली वाईच्या खोऱ्यात धोम धरणाचे पाणी चमकत होते. "ते कुणाचं पाणी?" तिने विचारले. "कृष्णेचं," मी म्हटले. ती गप्प झाली.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीने निरोगी मुलाला बाधा होत नाही. परंतु थंड, कोरडी हवा आणि घोड्यांच्या वाटांवरची धूळ यांमुळे दम्याचा त्रास उफाळू शकतो. अशा मुलाचा इन्हेलर सामानाच्या तळाशी न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवावा. हिवाळ्याच्या तोंडावर येथे दिवसा ऊन लागते आणि सूर्य मावळताच हुडहुडी भरते, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा अंगावर दोन-तीन पातळ कपडे चढवणे सोयीचे. येथील मध प्रसिद्ध आहे. मात्र सोबत वर्षाच्या आतील बाळ असेल, तर त्याला तो बोटभरही चाटवू नये.

हे गाव वसले तेच मुळी आरोग्यासाठी. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून ही जागा मिळवली; मैदानी उष्म्याने खंगलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी येथे येऊन विश्रांती घ्यावी, हा त्यामागचा हेतू होता. आज आपण तेथे जातो आणि विश्रांती सोडून सारे काही करतो. माझ्याही हाती पाहण्याच्या ठिकाणांची लांबलचक यादी होती. पहिल्या संध्याकाळी दोन ठिकाणे झाल्यावर लेक रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "आई, मला आता काही बघायचं नाही." माझा क्षणभर संताप झाला. मग मी यादी पिशवीत टाकली आणि आम्ही भाजलेले कणीस खात तेथेच अंधार पडेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवसासाठी एकच ठिकाण ठरवले : क्षेत्र महाबळेश्वर.

मुख्य बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटरवर हे जुने गाव आहे. तेथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. दगडी मुखांतून झिरपणारे हे पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडते. सकाळी लवकर गेल्यामुळे गर्दी नव्हती. लेक गोमुखासमोर बराच वेळ उभी राहिली.

"हीच आपली कृष्णा?"

"हीच."

"एवढीशी?" तिने धारेखाली हात धरला. मग माझ्याकडे न पाहता हळूच विचारले, "इथं किती फूट?"

"तूच मोज."

तिने कुंडाच्या काठावर बसून पडणाऱ्या धारेपुढे बोटे ताणली आणि जाहीर केले, "वीतभर."

ती हसली. नदीविषयी बोलताना तिला हसताना मी चार वर्षांत प्रथमच पाहत होते. (हे पाणी तीर्थ म्हणून थेंबभर घेणे हा श्रद्धेचा भाग आहे, मुलांना पिण्यासाठी बाटली भरून घ्यायची असेल, तर मात्र ते उकळून द्यावे.)

परंतु मूल एका उत्तरावर थांबत नाही. एवढ्याशा धारेचे आपल्या जिन्यापर्यंतचे पाणी कसे झाले, हा पुढचा प्रश्न होता, आणि "काही होत नाही" हे उत्तर आता चालणार नव्हते. म्हणून परतताना आम्ही नदीच्या सोबतीने उतरायचे ठरवले. सांगलीत वर्षभरात साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि महाबळेश्वरात त्याच्या आठ-नऊ पट, हे तिला डोंगरावरच सांगितले. वाईला ढोल्या गणपतीच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिने संथ कृष्णा पाहिली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा येऊन मिळते, तेथे दहा मिनिटे थांबलो. कराडच्या प्रीतिसंगमावर समोरून येणारी कोयना पाहून ती आपणहून म्हणाली, "म्हणजे सगळ्यांचं पाणी आपल्याकडे येतं." वारणा अजून बाकी होती, ती सांगलीलगत हरिपूरला मिळते, हे तिला ठाऊक होतेच. एवढ्या नद्यांच्या खोऱ्यांत एकाच वेळी मुसळधार पाऊस झाला आणि धरणे भरून पाणी सोडावे लागले की आपल्याकडे पूर येतो, हे मी तिला काहीही न लपवता सांगितले.

"मग ते पाणी कराडहून लगेच येतं आपल्याकडे?"

"लगेच नाही. नदीला वळणं घेत यावं लागतं, वेळ लागतो. म्हणून तर आधी इशारा देतात."

"म्हणजे आपल्याला वेळ असतो?"

"असतो. वह्या, कपडे, आजीची औषधं वर न्यायला, आणि वेळेवर निघायला."

तिला हवे असलेले उत्तर हेच होते. पूर येणार नाही, असे वचन कोणतीही आई देऊ शकत नाही. तो कोठून येतो आणि तोवर आपल्या हाती किती अवधी असतो, हे मात्र आपण मुलांना दाखवू शकतो. भीतीची थट्टा करू नये, ती नाकारूही नये. मूल जेवढे विचारील तेवढे सोप्या शब्दांत सांगावे आणि त्याच्याकडे एखादे लहानसे काम सोपवावे. एवढे करूनही झोपमोड, अंथरूण ओले होणे किंवा शाळेला जाण्याची टाळाटाळ काही आठवड्यांनंतरही टिकून राहिली, तर बालरोगतज्ज्ञांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घेण्यास संकोच करू नये.

तिची भीती त्या दोन दिवसांत गेली, असे मी म्हणणार नाही. पुढच्या जुलैत रात्री सर आली आणि ती पूर्वीसारखीच उठून बसली. "आज किती फूट?" तिने विचारले. मी आकडा सांगितला. मग तिने आणखी एक प्रश्न विचारला, जो पूर्वी कधी विचारला नव्हता : "आणि महाबळेश्वरात किती पडला?" तोही सांगितला. तिने मनाशी काही हिशेब केला, वह्यांची पिशवी वरच्या फळीवर ठेवली आणि ती झोपी गेली.