पान्हा

कुठल्यातरी वॉर्डात एक लेकरू रडलं. तिचं नव्हतं, तिचं तर आत थिएटरात होतं. तरी समोरच्या बाकावर बसलेल्या त्या पोरीच्या पोलक्यावर ओला डाग उमटला आणि बघता बघता पसरला. तिनं पदर ओढून घेतला, दोन्ही हात छातीशी आवळले. मी घाईघाईनं भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागलो.

यवतमाळातला दवाखाना. मी भाच्याच्या हाताचं प्लास्टर काढायला गेलेलो. समोरची नवराबायको घाटंजीकडची, तीन महिन्यांच्या मुलाला जांघेत हर्निया. भूल द्यायची तर बाळाचं पोट रिकामं हवं, अंगावरच्या दुधानंतर निदान 4 तास तरी. म्हणून पहाटे 4 वाजता शेवटचं पाजलेलं. आधीची केस लांबली आणि 8 चा नंबर 11 वर गेला. लेकराला उपाशी ठेवता येतं, दुधाला थांब कोण म्हणणार? कुणाचंही मूल रडलं तरी ते येतं. डॉक्टर ऑक्सिटोसिनचं नाव सांगतात. मला आपला पान्हाच बरा.

आणि नको तेव्हा दारव्ह्याच्या आत्याची चांदी आठवली. एका उन्हाळ्यात चांदीचं आठ दिवसांचं वासरू मेलं आणि तिनं दूध चोरलं. गड्यानं वासराचं कातडं वाळवलं, आत कुटार भरलं, पायांच्या जागी चार काड्या लावल्या. डोळे नव्हतेच, नुसती भोकं. ते ध्यान चांदीपुढे ठेवलं. पहिल्या दिवशी तिनं हुंगून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हळूच जीभ लावली, मग चाटतच राहिली, आणि चरवीत धार वाजली. दिवाळीपर्यंत त्या कातड्यावरचे केस चाटून चाटून गेले. मी दहा वर्षांचा. दूध आलं त्या रात्री जेवलो नाही, सकाळी मात्र त्याच दुधाचा चहा दोनदा मागून घेतला. आत्याला म्हटलं, गाईला फसवता तुम्ही. ती शेण सारवता सारवता म्हणाली, "तिले माहीत हाय वासरू मेलं थे. पण चाटाले तं काही पाहिजे का नाही?"

दवाखान्याच्या बाकावर असलं आठवू नये. पण आठवणींना कुठे जागेचं भान असतं!

पोरीच्या मांडीवर लेकराचं टोपडं होतं. ती त्याच्या नाड्या बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची.

नवरा माझ्याकडे सरकला. "आत त्याले दुखत असन का जी?"

नाही, म्हणालो मी, ठामपणे. पण हे 'नाही' फार जुनं नाही. 1980 च्या दशकापर्यंत भल्या भल्या पुढारलेल्या देशांतही तान्ह्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कापताना पुष्कळदा हालचाल थांबवणारं औषध देत आणि भूल नावापुरती. इतक्या लहान जिवाला दुखणं कळत नाही, असा समज. इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांना शस्त्रक्रियेहून परतलेली बाळं निस्तेज, खचलेली दिसत. त्यांनी काही बाळांना नेहमीच्या भुलेबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना केली. फेंटानिल मिळालेली बाळं कितीतरी कमी ताणाखाली होती आणि नंतरचे त्रासही त्यांना कमी झाले. 1987 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ज्यासाठी विद्यापीठ लागलं, ते आत्याला विचारलं असतं तर? असो; आत्याला सगळंच विचारून चालत नाही.

यातलं मी त्याला काही सांगितलं नाही. चहा आणू का म्हटलं. तो म्हणाला, "तिनं काही घेतलं नाही, मी कसा घेऊ?" आणि खिशातली बसची तिकिटं काढून उगाच सरळ करत बसला.

सव्वाबाराला दार उघडलं. हिरव्या टोपीतली सिस्टर अर्धी बाहेर आली.

"बाळाची आई कोण? पाजायचं आहे."

बाकावरच्या तिघी एकदम उठल्या.