सिम्फनीचा हंगाम आणि वऱ्हाडी कान

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम जवळ आला की अमरावतीत माझं मन हुरहुरू लागतं. २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभा केलेला हा वाद्यवृंद. बीथोव्हेन, चायकोव्हस्की तर असतातच. त्याच आवारात जॅझही रंगतो. मोझरीच्या खंजिरी भजनांवर वाढलेल्या माझ्या कानाला हे परकं वाटत नाही. एवढे वादक एकजीव होऊन वाजवतात, तेव्हा मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेतलीच एकतानता जाणवते. रात्रीची अमरावती एक्स्प्रेस अकोल्यावरून थेट मुंबईला नेते. पण सगळ्यांना जाणं कुठं जमतं? हा वाद्यवृंद अमरावती-अकोल्यातही यावा. वऱ्हाडातल्या पोरांनी चेलो, ओबो समोर बसून ऐकलेच पाहिजेत.