चौघांत एक वाडगं

सोलमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर रात्रभर उघडी राहणारी छोटी दुकानं आहेत. आत गरम पाण्याची सोय, एक मायक्रोवेव्ह आणि काचेला लागून अरुंद फळी. कामावरून उशिरा सुटलेला माणूस तयार जेवणाचं वाडगं उचलतो, फळीशी टेकून खातो आणि निघून जातो. मध्य प्रदेशातल्या आमच्या लालबर्ऱ्यात असं दुकान नाही. इथे बालाघाट–सिवनी रस्त्याकाठच्या किराणा दुकानांच्या दारात पुड्यांच्या माळा लटकतात, जेवणवेळेला शटर पडतं, आणि त्यानंतर कुणाला भूक लागलीच तर घरात भात असतो. तरीही दिवाळीत तसलं एक वाडगं आमच्याकडे आलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने बॅगेतून काढलं. जाजांगम्यॉन, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या काळ्या रश्शात घोळलेल्या जाड शेवया.

गॅसवर पाणी उकळलं, वाळक्या शेवयांवर ओतलं, झाकण लावलं. शेवया मऊ झाल्यावर जास्तीचं पाणी टाकून दिलं आणि पुडीतला घट्ट काळा ऐवज त्यावर पिळला. कोरियात या रश्शात डुकराचं मांस पडतं, म्हणून पुतणीने आयातदाराने चिकटवलेल्या कागदावरचा हिरवा ठिपका आजीला, म्हणजे माझ्या आईला, आधी दाखवला. हलवता हलवता सगळं काळंभोर झालं. ‘काहून वं, डांबरावानी दिसते हे,’ आई म्हणाली. म्हणाली, पण उठून वाट्या घेऊन आली. वाडगं एका माणसाचं होतं आणि घरात आम्ही चौघं होतो. तिने ते चार वाट्यांत काढलं, एकाला कमी एकाला जास्त होऊ न देता. शेवटची चिमूट नातीच्या वाटीत गेली.

आधी खारटपणा लागतो, मागून गोडसर, आणि घासाच्या शेवटी भाजल्यासारखा एक कडवटपणा. तिखट नाही. सावजी रश्शावर वाढलेली आमची जीभ मिरचीची वाट पाहत राहते आणि ती येत नाही. पण रुची पोकळ मुळीच नाही. तिच्या तळाशी आंबवण्याचं काम आहे: उकडलेलं सोयाबीन आणि गव्हाचं पीठ यांवर बुरशी चढवायची, मिठात मुरवायचं, मग साखर जाळून केलेला काळा रंग घालायचा. या लगद्याला तिकडे चुनजांग म्हणतात. तो तसाच वापरला तर कडू लागतो, म्हणून आधी तेलात परततात आणि मग त्यात कांदा, बटाटा, कोबी पडतो. सोबत मुळ्याचं पिवळं लोणचं आणि चक्क कच्चा कांदा. हे ऐकल्यावर आईने कांदा फोडला, लिंबू पिळलं, आणि वाटीतलं सगळं एकदम ओळखीचं लागायला लागलं.

हा पदार्थ कोरियाचा म्हणून जगभर गेला, पण तो मूळचा तिथला नाही. 1883 मध्ये इंचॉनचं बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, तसे समोरच्या चीनमधल्या शांडोंगहून मजूर आणि व्यापारी येऊन राहिले. सोयाबीनच्या लगद्यात शेवया कालवून खाण्याची त्यांची रीत बंदरावरच्या हमालांना सोयीची पडली असणार. इंचॉनच्या चिनी वस्तीतल्या गोंगह्वाचुन या उपाहारगृहाचं नाव या पदार्थाच्या इतिहासात कायम येतं. त्याच्या जुन्या इमारतीत 2012 पासून चक्क जाजांगम्यॉनचं संग्रहालय आहे. म्हणजे घर सोडून आलेल्या माणसांचं हे जेवण. वैनगंगेच्या खोऱ्यात मला ही गोष्ट समजावून घ्यावी लागत नाही. इथले पोवार समाजाचे लोक आपण माळव्यातून, धारकडून आलो असं सांगतात. आजची पोरं नागपूर, हैदराबाद, पुण्याकडे जातात. आमची मराठीही 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर राजधानीपासून तुटून सीमेच्या या बाजूला राहिली. तोवर नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते या शेवयांतल्या गव्हाने. जाजांगम्यॉन गरिबाघरी पोचलं ते कोरियन युद्धानंतर, अमेरिकेच्या मदतीचा गहू स्वस्तात मिळू लागला तेव्हा. साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या सरकारने लोकांनी भात कमी खावा म्हणून मोहीमच चालवली. उपाहारगृहांना आठवड्यातल्या ठरावीक दिवशी भात विकायला मनाई झाली. शाळेत मास्तर मुलांचे डबे उघडून बघत, तांदळात दुसरं धान्य मिसळलंय की नाही ते. आणि आपल्याकडे? तिकडे गहू पाठवणाऱ्या अमेरिकेच्या 1954 च्या त्याच कायद्याखाली, पीएल 480 खाली, आपल्याही बंदरांत गव्हाची जहाजं लागत होती. 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं. 1966 मध्ये देशाने सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणलं. आई तेव्हा परकरी पोर होती. धानाच्या मुलखातल्या घरात रेशनचा लाल गहू आला आणि त्याच्या पोळ्या चिवट व्हायच्या, हे ती अजून सांगते. एकाच कायद्याने आलेला गहू दोन भातखाऊ मुलखांत उतरला. तिकडे त्याच्या शेवया होऊन त्या सणासुदीच्या खाण्यात जाऊन बसल्या. शाळा पूर्ण झाल्याच्या समारंभानंतर आईबाप मुलांना जाजांगम्यॉन खायला नेत. आमच्याकडे त्याची आठवण नुसती टंचाईची राहिली. त्या पिढीच्या बायांनी ती चिवट पोळी कशी गोड करून घेतली, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

शेवयांचं तर आम्हाला काहीच अप्रूप नको. उन्हाळ्यात खाटेवर धोतर टाकून त्यावर वाळणाऱ्या शेवया आहेत. सरगुंडे आहेत: काडीवर कणकेची वळी गुंडाळायची, वाळवायची, काढली की पोकळ नळी, आणि ती शिजवून आंब्याच्या रसात. ते करायला चार बाया लागतात, निम्मं काम हाताचं आणि निम्मं बोलण्याचं.

खरं सांगायचं तर मला परकं वाटलं ते एका माणसापुरतं वाडगं. कोरियातही हे जेवण मुळात असं नव्हतं. नव्या घरात सामान उतरवलं की चूल मांडलेली नसते, तेव्हा हॉटेलातून जाजांगम्यॉन मागवायचं आणि वर्तमानपत्र पसरून, खोक्यांच्या मधे बसून, मदतीला आलेल्यांसह खायचं, ही तिथली रूढ चाल. 1984 मध्ये नोंगशिम कंपनीने चापागेटी नावाने त्याचा पुडा काढला आणि ते घरोघर गेलं. पुढे पुड्याचं वाडगं झालं. सोय वाढली. पंगत गेली. पुतणी सांगत होती, पुण्यात ती खोलीवर रात्री उशिरा येते, पाणी तापवते, मोबाइल बघत हेच खाते. मी त्यात दोष काढत नाही. दमून आलेल्या पोरीला पाच मिनिटांत गरम घास मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. पण आजीने वाट्या मांडल्या तेव्हा पुतणीचा चेहरा मी पाहिला आणि त्या खोलीचा मला राग आला.

राहिलं सोयाबीन. देशातलं बहुतेक सोयाबीन मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन राज्यं पिकवतात. ते तेलाच्या कारखान्यात जातं, उरलेली ढेप कोंबड्यांना आणि परदेशी. ताटात आलंच तर वड्या म्हणून येतं. पण पिवळं सोयाबीन पसरण्याच्या कितीतरी आधीपासून मध्य भारतात काळ्या दाण्याचं एक सोयाबीन होतं, त्याला कालीतूर म्हणत. आंबवायला शिकलेल्या लोकांनी ज्या दाण्यातून एवढी खोल चव काढली, त्याचा भाऊबंद आपल्या मुलखात होता आणि तो मागे पडला, याची मला मनापासून चुटपुट लागली आहे.

कालीतुरीचं मूठभर बियाणं मिळवायचं आणि पुढच्या पावसात लावून बघायचं, असं मी घरात बोललो. बांधीत धानच राहणार, पण धुऱ्यावर आपण तूर टाकतोच. तिच्याच ओळीत ही. पुतणी म्हणाली, ‘काका, दाणे झाले तर मी आंबवायचं शिकून येते.’ आईने मध्येच विचारलं, ‘धुऱ्यावर लावजो, पण रानडुकरं ठेवतीन का?’

मग बोलणं कुंपणाकडे वळलं, तारेचा भाव काय चाललाय तिकडे.