चौऱ्याऐंशी पहारे आणि वालाची पेरणी



आठवडाभर पेजवर काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी विचारलं, कापणी अडकली काय? नाही, कापणी आटोपली. कर्जत-३ दिवाळीआधीच खळ्यावर आलं होतं. खालच्या खाचरातलं गरवं, म्हणजे कर्जत-२, दिवाळीनंतर कापलं. उशीर झाला तो गाण्यामुळं. कार्तिक शुद्ध नवमी ते पौर्णिमा आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटेचा काकडा कोजागिरीपासून चालूच असतो. मधे एकादशीला साजगावची यात्रा लागते, द्वादशीपासून तुळशीची लग्नं आणि त्यांच्या पाठोपाठ माणसांची. कर्जत-खालापुरात समोर बसून ऐकायचं एवढं गाणं वर्षाच्या दुसऱ्या कुठल्या आठवड्यात मिळत नाही.

आणि नेमका हाच आठवडा वाल पेरायचा. भात निघालं की खाचरात जी ओल उरते तिच्यावरच आपले कडवे वाल येतात, वर पाण्याचा थेंब लागत नाही. पण ती ओल थांबत नाही. आठ दिवस उशीर झाला की वरची माती भेगाळते आणि उगवण विरळ होते. राजनाल्याखाली उन्हाळी भात करणाऱ्यांना ही घाई नाही, आम्हा कोरडवाल्यांना आहे. माझं निम्मं रान आता एसआरटीच्या गादीवाफ्यांवर आहे (आपल्याच नेरळच्या सगुणा बागेतली पद्धत, इथल्या बहुतेकांना माहीत आहे). नांगरणी नाही, भाताची खोडं तशीच ठेवायची आणि मधे वाल टोकायचे. त्यामुळं यंदा दोन दिवस वाचले. ते दोन दिवस कुठं गेले ते सांगतो.

पहिली गोष्ट पखवाजाची, कारण ती शेतकऱ्याला लगेच कळेल. कार्तिकातलं दव तुम्हाला ठाऊक आहे. कापून पसरलेलं भात सकाळी दहापर्यंत ओलं असतं, झोडणी त्याआधी करू नये. तेच दव पखवाजाच्या कातड्यावर बसतं. रात्री कीर्तनाला काळी दोनला लावलेला पखवाज पहाटे चारला काकड्याला घ्यावा तर पार उतरलेला असतो. मग आमचे दादा हातोडी घेऊन बसतात. गठ्ठे ठोकत वादी ताणायची, शाईच्या कडेनं बोट फिरवत ऐकायचं, परत ठोकायचं. डाव्या अंगाला, धुम्याला, कणकेचा गोळा थापायचा. ती कणीक गव्हाचीच लागते. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो, ते वाळून सुटून पडतं. म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणारे, आणि पखवाजाला मात्र गहू दुकानातून आणायचा! वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची, नाहीतर रात्री उंदीर पुडी कुरतडतात. यंदा नवमीच्या आधीच उंदरानं काम केलं होतं.

दादा म्हणजे माझ्या बांधाला लागून ज्यांचं खाचर आहे ते. वय सत्तरीच्या पुढं. गावात आज पखवाज धरणारे ते एकटे. मी लहान असताना चौघं होते, काकड्याला एक, कीर्तनाला दुसरा, जागराला तिसरा. आता पहाटे चारलाही दादा आणि रात्री अकरालाही दादाच.

नवी पुडी आणायला मी कल्याणला गेलो, सकाळच्या लोकलनं. कर्जतहून मुंबई शंभर किलोमीटर, रोजचे दोन-सव्वादोन तास जायचे आणि तेवढेच यायचे. त्या डब्यात भजनी मंडळ होतं. लोकलमधलं भजन तुम्ही ऐकलं असेल, पण शेतकरी माणूस त्या वेळेला गाडीत कशाला असणार, म्हणून सांगतो. दहा-बारा पोरं, एक ढोलकी, टाळांच्या चार जोड्या, पेटी नाही कारण ठेवायला जागा नाही. भिवपुरी रोड सुटेपर्यंत नमन झालं. नेरळ, शेलू, वांगणी, गर्दी वाढत गेली तसे टाळ छातीशी आले, पण लय हलली नाही. बदलापूरनंतर तर ढोलकीवाल्याचे कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत, तरी शेजारी मान डोलावतोय. विठ्ठलवाडी स्टेशन आलं तेव्हा गजर टिपेला होता. ते रोज असंच जमवतात, की त्या दिवशी जमलं, मला विचारायचं राहून गेलं.

ढोलकीवर जो होता तो आमच्याच गावचा निघाला. बदलापूरला राहतो, दिवसभर गोदामात काम. मला बघून म्हणाला, "काका, तुम्ही इकडं कुठं?" मी पुडीचं सांगितलं. तो म्हणाला, "दादांनीच शिकवलं मला. पाटीवर बोल लिहून घ्यायचे." मला वाटत होतं गावातला पखवाज संपत आला. पोरगा तर रोज सकाळी तासभर वाजवत होता, फक्त गावाबाहेर, गाडीत.

आता पहाऱ्यांचं. ज्यांच्याकडं सप्ताह नसतो त्यांच्यासाठी सांगतो: नवमीला वीणा गळ्यात घातली की सात दिवस ती खाली टेकत नाही. रात्रंदिवस कोणीतरी ती घेऊन उभं, सोबत दोन-चार टाळकरी, नाम चालू. दोन तासांचा एक पहारा. दिवसाचे बारा, सात दिवसांचे चौऱ्याऐंशी. पूर्वी घराघराला पहारा वाटलेला असे, सावडीसारखा. तुझ्या खाचराला आवणीला मी येतो, माझ्याला तू ये. माझ्या पहाऱ्याला तू टाळ धर, तुझ्याला मी धरीन. शेतीतली सावड गेली, मजूर आले, आता कापणी यंत्र आलं. पहाऱ्याला मात्र यंत्र लावता येत नाही. म्हणजे लावता येतं, काही ठिकाणी रात्री स्पीकरवर रेकॉर्ड लावून ठेवतात. आमच्या बैठकीतही एकानं ते सुचवलं. कोणी ओरडलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

कागदावर नावं मांडली तेव्हा तेवीस पहारे रिकामे होते. दिवसा दहा ते चारमधले बरेच, कारण माणसं कामावर, आणि मध्यरात्री दोन ते चारचे जवळजवळ सगळे.

दिवसाचे पहारे बायकांनी मागितले. आमच्या गावात महिला भजनी मंडळ आहे, संध्याकाळचा हरिपाठ त्याच म्हणतात, पावलीसुद्धा पुरुषांपेक्षा नीट पडते त्यांची. पण वीणा? वीणा बायकांच्या गळ्यात द्यायची का, यावर दोन रात्री देवळात बैठक झाली. एक म्हातारे बुवा म्हणाले, "रीत नाय." त्यावर आमच्या वहिनी, ज्या चिखलात वाकून आवणी करतात आणि तीस माणसांचा भात रांधून मग हरिपाठाला येतात, त्या शांतपणे म्हणाल्या, "बुवा, रीत नाय तं नाय. मंग दुपारी बाराला तुम्ही उभं ऱ्हावा." बुवांचे गुडघे गेले आहेत हे सगळ्यांना माहीत. कोणी हसलं नाही. दशमीला बारा वाजता वीणा वहिनींच्या गळ्यात गेली. माझं मत विचाराल तर हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, आणि व्हायचं कारण जागा रिकामी होती हे नसायला हवं होतं. पण झालं.

एकादशीला साजगावला गेलो. खोपोलीच्या अलीकडं ताकईच्या टेकडीवरचा विठोबा, लोक त्याला बोंबल्या विठोबा म्हणतात, कारण यात्रेत सुक्या बोंबलांचा बाजार भरतो. तुकोबा मिरच्या विकायला घाट उतरून इकडं येत, अशी इथली सांगोवांगीची कथा. खालून दिंड्या चढत होत्या. पायऱ्यांवर तीन दिंड्यांचे टाळ एकात एक मिसळत होते, बाजूला आकाशपाळण्याचा भोंगा. सगळं एकदम ऐकू येत होतं, आणि मंडळी, सुक्या मासळीच्या वासात ऐकलेला गजर दुसऱ्या कुठल्या विठोबाकडं मिळायचा नाही. दोन किलो बोंबील घेतले (घरी सप्ताह संपेपर्यंत पिशवी उघडायची नाही, अशी ताकीद मिळाली).

परतताना चौकाजवळ एका हळदीला थांबावं लागलं, नात्यातली होती. बेंजो पार्टी होती, डीजे नव्हता. बेंजोला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी ठेवत नाही. पाच-सहा पोरं प्रत्यक्ष वाजवत होती, नाचणाऱ्यांचे पाय बघून लय वर-खाली करत होती. डीजेला पाय दिसत नाहीत. मांडवाच्या कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या धवलारिणी बसल्या होत्या. दोन गाण्यांच्या मधे बेंजोवाले पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात त्यांनी धवला म्हणून घेतला. दहाला सगळं बंद झालं.

काशेळ्याच्या पुढं डोंगराला एक कातकरवाडी आहे. तिथली माणसं माझ्याकडं कापणीला येतात. त्रयोदशीला संध्याकाळी मजुरी द्यायला गेलो तर अंगणात ढोलकी चालू होती, बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून गोल फिरत गात होत्या. सण कुठला म्हणून विचारलं. सण नव्हता. परवा टेम्पो येणार होता वीटभट्टीवर न्यायला. दिवाळी झाली की उचल घेतलेली असते, पाऊस तोंडावर येईपर्यंत वाडी जवळपास रिकामी. "तिथं नाय का नाचत?" मी विचारलं. एक बाई म्हणाली, "तिथं रातीला पाठ टेकली का सकाल." मी तासभर बसलो. गाण्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. सप्ताहाला देणगी मागायला आपण शहरात जातो, पण ज्यांच्या हातानं आपलं भात घरात येतं त्यांचं गाणं ऐकायला दोन कोसावर कोणी जात नाही. आमच्या गावातून त्या रात्री मी एकटाच होतो, आणि मीही मजुरी द्यायला म्हणूनच गेलो होतो.

रात्री दोनचे पहारे. नवमी-दशमीला मी आणि माझा पुतण्या उभे राहिलो. दोन वाजता देवळात समई, वीणा, झोपलेलं एक कुत्रं आणि तीन माणसं. पहिला अर्धा तास डोळे मिटतात, मग एक वेळ अशी येते की तोंडातलं नाम आपण म्हणतोय असं वाटत नाही. पुढचं सांगत नाही, ज्यानं पहारा केला त्याला कळेल. शनिवारी रात्री एक वाजता कोणीतरी चपला काढल्याचा आवाज आला. लोकलमधला पोरगा. रात्रीच्या कर्जत गाडीनं उतरून, स्टेशनवरनं कोणाची तरी मोटारसायकल मागून आला होता, सोबत डब्यातले आणखी दोघं. ते दोघं तर आमच्या गावचेही नाहीत. दोन ते चार त्यांनी सांभाळलं आणि चारला काकड्याला दादांच्या समोर तो बसला. दादांनी पखवाज त्याच्याकडं सरकवला. स्वतः टाळ घेतले. दोन ठिकाणी त्याचा हात घाईनं पडला, लोकलची सवय! दादांनी नुसतं बघितलं, तो सावरला.

पौर्णिमेला काल्याचं कीर्तन, दहीहंडी, महाप्रसाद. तेवीस रिकाम्या पहाऱ्यांपैकी बावीस भरले. एक पहारा, द्वादशीचा रात्री दोनचा, आधीच्याच विणेकऱ्यानं पुढं ओढला. वीणा टेकली नाही.

आता दादांच्या खाचराचं. बांधावर गेल्या महिन्यात दोनदा गाडी येऊन गेली, फार्महाऊससाठी जागा बघणारे. आपल्या भागात हे नवीन नाही. दादांची मुलं विरारला, त्यांना शेती करायची नाही, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. पण जमीन गेली की दादा मुलांकडं जाणार. शेजारचं खाचर गेलं तर माझं पाणी अडेल ही माझी काळजी आहेच. गावाची काळजी त्याहून निराळी. मी दादांना एवढंच म्हटलं की पुढच्या वर्षी तुमचं खाचर मी निम्म्यानं करतो, आवणीपासून झोडणीपर्यंत माझं, तुम्ही फक्त बांधावर या. ते म्हणाले, "बघू. आधी पोराचा डावा हात सुधरू दे." तो आता दर शनिवारी येतो.

शेताची नोंद: वाल एकोणीस गुंठे टोकून झाले. त्यातले अकरा गुंठे सप्ताहातच, सकाळी दहाच्या आत. उरलेल्या आठ गुंठ्यांत ओल कमी लागली, तिथं बी दोन बोटं जास्त खोल टाकलंय. उगवण कशी होते ते फोटोसह टाकीन. पोपटीला यायचं असेल त्यांनी माघात विचारावं.

आणि पुढच्या कार्तिकात पहाटे दोन ते चारच्या पहाऱ्याला यायचं असेल तर आधी कळवा. टाळ आमच्याकडं आहेत, चहा मिळेल.