लेकीचा पाय आणि विम्याची अट

लेकीचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला. क्लबफूट. हजारात साधारण एका बाळाला असतो आणि वेळेवर उपचार झाले तर बाळ पुढे नीट चालतं, धावतं, असं मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. नवऱ्याच्या नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत ती पहिल्या दिवसापासून आहे. तरी क्लेम नामंजूर. कारण: 'बाह्य जन्मजात दोष, पॉलिसीतून वगळलेला.'

*

उपचार पोन्सेटी पद्धतीचे. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. दर आठवड्याला ते काढायचं, पाय अजून थोडा बाहेर वळवायचा, नवीन घालायचं. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी मी तिचा पाय कोमट पाण्यात धरून बसते. पट्टीचं टोक सापडलं की ओला पांढरा थर एकेक वेढा सुटत जातो. आतली कातडी सुरकुतलेली, आंबूस वासाची. तेवढ्या वेळात ती पाय झाडून घेते. पुढचं प्लास्टर चढेपर्यंत तेवढीच मोकळीक.

*

विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीएची क्वेरी आली: 'तक्रार किती दिवसांपासून? पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रं जोडा.' जन्मदाखला जोडला. फोनवरचा मुलगा नीट बोलला, पण त्याच्या हातात काही नव्हतं. ज्याच्या हातात आहे त्याच्याशी पालकाला बोलताच येत नाही, याचा राग येतो.

*

ओपीडीत शेजारी बसलेल्या ताईंची स्वतः घेतलेली, सगळ्या कुटुंबाची एकच 'फॅमिली फ्लोटर' पॉलिसी. अशा बऱ्याच पॉलिसींत बाळाचं नाव 90 दिवसांनंतरच लागतं. क्लबफूटचे उपचार मात्र शक्यतो पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू करतात. पाय सरळ करायचे दिवस नेमके हेच, आणि त्या दिवसांत बाळ विम्यातच नाही. त्यातून प्लास्टर ओपीडीत घालतात, दाखल व्हावं लागत नाही, म्हणून तोही खर्च बाद.

*

2019 मध्ये विमा नियामक इर्डाईने कंपन्यांना बजावलं की आनुवंशिक आजार आणि शरीराच्या आतले जन्मजात दोष वगळता येणार नाहीत. चांगलंच झालं. पण बाहेरून दिसणारे दोष तिथेच राहिले. हृदयाला भोक असलेलं बाळ आत, वळलेल्या पायाचं आणि फाटलेल्या ओठाचं बाळ बाहेर. दोघांच्या आईबापांनी हप्ता सारखाच भरलेला. आजार किती गंभीर, उपचारांनी किती गुण येईल, खर्च किती, यातलं काहीच या अटीत विचारात घेतलेलं नाही. बाळाने जन्माआधी पॉलिसी घ्यायची होती का?

*

दर आठवड्याची प्लास्टरं संपल्यावर टाचेमागची कंडरा बारीक छेद देऊन सैल केली. मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. आता पट्टीला जोडलेले दोन बूट: पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, पुढे चार वर्षांची होईपर्यंत झोपेत. पाय वाढला की नवे बूट. ते घालण्यात खंड पडला की पाय पुन्हा वळतो, आणि पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पैशापायी बूट लांबणीवर टाकणारे आईबाप मी ओपीडीत पाहिलेत. त्यांना कोणी निष्काळजी म्हणू नये.

*

विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवस थांबायचं. मी अर्ज करणार आहे. पण लोकपाल बघणार पॉलिसीत काय लिहिलंय तेच. मूळ अट बदलायची ती इर्डाईनेच, आणि ती बदललीच पाहिजे.

*

ज्यांच्या घरी वळलेल्या पायाचं बाळ आलंय त्यांना एवढंच सांगणं: क्लेमच्या उत्तराची वाट बघत आठवडे घालवू नका. 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत क्लबफूट आहे आणि त्यातले उपचार मोफत आहेत. आशाताईंना विचारा, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. विम्याशी भांडण नंतरही करता येईल, प्लास्टर आधी सुरू करा.