रेग्युलेटर तापतो तेव्हा

मे महिना. रिसालीत पारा 45 अंशांकडे सरकतोय, आणि मालवणहून भाच्याचा फोन: "मामा, होडीच्या आउटबोर्डचा रेग्युलेटर हात लावू देत नाही. नवा टाकू?"

थांब म्हटलं. जन्मभर वायरिंग केलं, पार्ट बदलण्याची घाई मला बघवत नाही. हा डबा तापणारच. फ्लायव्हीलखालच्या स्टेटरमधून एसी येतो, डायोड त्याचा डीसी करतात. प्रवाह एका वेळी दोन डायोडांतून जातो. 20 अँपिअर वाहिले की तिथेच तीसेक वॉट उष्णता. शंट जातीचा असेल तर बॅटरीला नको असलेली वीजही तोच वळवतो. म्हणून दिवे एलईडी केले, भार घटला, की असा रेग्युलेटर उलट जास्त तापतो. हे पुष्कळांना पटत नाही, पण खरं आहे.

मग त्याला इंजिन चालू ठेवून मीटर लावायला सांगितलं. रेग्युलेटरचं आउटपुट ते बॅटरीचा प्लस, दीड व्होल्टची घट! फोटो पाठवला: प्लग तपकिरी पडलेला, टर्मिनलवर खाऱ्या हवेचा हिरवा थर, डबा बसतो त्या जागी मिठाची खपली. उष्णता बाहेर पडणार कुठून? इंजिन बंद करून त्याने टर्मिनल बदललं, बैठक घासली, बोल्ट आवळले. घट जवळपास गेली.

होडीवाल्यांनो, एक मात्र पाळाच: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. डायोड क्षणात उडू शकतात.