येणार, येणार

मोटारसायकलीवर लेख लिहितोय असं मी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत सांगितलं, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. महाविद्यालयाच्या अंकात संतवाङ्मयावर लिहावं, सीमाप्रश्नावर लिहावं, फार तर सहलीचं वर्णन लिहावं. मोटारसायकल हा काय विषय झाला? पण हेच गृहस्थ दुपारच्या चहाला, आपल्या वडिलांनी बजाजची स्कूटर नोंदवून किती वर्षं वाट पाहिली, ते तारीखवार सांगत असतात. १९७०च्या दशकात स्कूटर नोंदवली की हाती यायला आठ-दहा वर्षं लागत. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवाना ठरवी. पावती वडिलांनी फाडायची आणि किल्ली मुलानं घ्यायची, असंही काही घरांत झालं.

आमची तऱ्हा याच्याही पुढची. नोंदवायला आमच्याकडे पैसे नव्हते, आणि नोंदवावी अशी गाडीही अजून बाजारात नव्हती. तरी आम्ही जवळजवळ तीन वर्षं तिची वाट पाहिली.

टिळकवाडीत एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो. मी डिचोलीचा, दुसरा पेडण्याचा, तिसरा बैलहोंगलचा. तिसऱ्याची भाषा कानडी. तो त्या वेळच्या अंकाच्या कानडी विभागात कविता लिहायचा. आम्ही त्यांचा अर्थ विचारायचो आणि तो ‘कविता आहे, अर्थ कसला विचारता’ म्हणून टाळायचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या वाहन प्रदर्शनात बजाजनं पल्सर सीएस ४०० नावाची मोटारसायकल मांडली. तिचा फोटो बैलहोंगलवाल्यानंच कुठूनसा आणला आणि खोलीच्या भिंतीवर, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला. रुंद टाकी, पुढचे फोर्क उलटे बसवलेले, आणि बसण्याची ढब अशी की माणूस ताठही नाही आणि ओणवाही नाही.

या जातीच्या गाडीला स्पोर्ट टूरिंग म्हणतात. शर्यतीच्या गाडीवर माणूस टाकीवर पालथा पडतो. वेग मिळतो, पण तासाभरात मनगटं आणि मान बोलायला लागतात. निव्वळ प्रवासी गाडीवर आरामखुर्चीत बसल्यासारखं बसता येतं, पण वळणावर ती म्हशीसारखी हटून बसते. या दोघींच्या मधली वाट काढायची, म्हणजे दिवसभर चालवल्यावरही माणूस माणसासारखा खाली उतरला पाहिजे आणि घाटात हौसही भागली पाहिजे. बीएमडब्ल्यूनं १९७६ साली आर १०० आरएस काढली. तिचं वारा अडवणारं आवरण विंड टनेलमध्ये तपासून ठरवलेलं होतं. तिच्यापासून ही जात नावारूपाला आली. आपल्याकडे २००३ साली हीरो होंडाची २२३ सीसीची करिज्मा आली आणि लांब जाणाऱ्या पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढे २०१३ मध्ये केटीएमची ३९० ड्यूक आली. ती चाकणलाच तयार व्हायची, पण ती एकट्यानं उडवायची गाडी, मागे बसणाऱ्याचा तिच्यात फारसा विचार नाही. भिंतीवरची गाडी तशीच पाण्यानं थंड होणारी, चारशे सीसीच्या घरातली, आणि मागच्या माणसाला जागा देणारी होती.

आम्हाला ती हवी होती चोर्ल्यासाठी.

आमच्याकडे तिघांत मिळून एक शंभर सीसीची गाडी होती. पेडणेवाल्याचे वडील मोटारसायकल पायलट. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गोव्यात पायलट विमान चालवत नाही, तो मागच्या सीटवर भाडं बसवून नेतो, आणि त्याच्या गाडीचा मडगार्ड पिवळा असतो. वडिलांनी नवी गाडी घेतल्यावर जुनी मुलाला दिली. मडगार्डला काळा रंग मारला होता, पण जिथे जिथे खरवडलं तिथे आतला पिवळा दिसायचा. या गाडीवर दोघं बसून आम्ही शनिवारी घरी निघत असू. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग घाट उतरून केरी, साखळी, डिचोली. जाताना उतार, म्हणून ठीक. येताना मागे नारळ, तांदूळ, आईनं बांधून दिलेलं काहीबाही. अशा वेळी घाटात दुसरा गिअर टाकला की तो वरपर्यंत तसाच. इंजिनाची ऊब पोटरीला लागायची. अंजुणे धरण दिसतं त्या वळणावर गाडी निवायला थांबायचं, आणि आमच्या अंगावरून कोणाची तरी मोठी गाडी घरंगळल्यासारखी वर निघून जायची. पेट्रोल मात्र आम्ही गोव्यात भरून घ्यायचो. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं कर इतका उतरवला होता की लिटरमागे अकरा रुपये कमी झाले होते. एका अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे पुस्तकाबाहेर शिकायला मिळालं.

साखळीपासून पुढे दुसरी भीती. खाणीच्या ट्रकांतून सांडलेली लाल माती रस्त्यावर बसते आणि पहिल्या पावसात तिचं लोणी होतं. तिच्यावर जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि गाडी घसरतच राहते. पेडणेवाल्याचा काका असाच पडून सहा महिने अंथरुणावर होता. म्हणून भिंतीवरच्या गाडीबद्दल इतर मुलं वेग किती, वेग किती विचारत, तेव्हा हा एवढंच विचारायचा, ‘एबीएस आहे का?’ एबीएस म्हणजे चाक अडकतंय असं दिसताच ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा धरणारी यंत्रणा. सव्वाशे सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली २०१९ साली. २०१४ मध्ये ती चैन होती.

आता ‘येणार, येणार’ हा शब्द आमच्या तालुक्यांत त्या काळी एकट्या मोटारसायकलीचा नव्हता. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. आमचा दहा चाकांचा ट्रक घरासमोरच्या फणसाखाली उभा राहिला. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयानं बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, पण प्रत्यक्ष चाकं फिरायला २०१५चा पावसाळा उलटला. तोवर बाबा दर रविवारी सकाळी ट्रकात चढून इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवत. बॅटरी उतरू नये म्हणून, असं ते म्हणत. ट्रक जागेवरच गुरगुरायचा, फणसावरचे कावळे उडायचे, मग बाबा उतरून चहा घ्यायचे. एकदा केबिनमध्ये शेजाऱ्यांच्या कोंबडीनं अंडी घातलेली सापडली. ती परत द्यायला मला पाठवलं.

पेडण्यात मोपाचा विमानतळ येणार होता. केंद्रानं त्याला तत्त्वतः मान्यता दिली २००० साली. पेडणेवाला शाळेत जाण्याआधीपासून तो येत होता. विमानतळ आला तर आपल्याला भाडी वाढतील, की मोठ्या टॅक्स्या सगळं नेतील, यावर त्याच्या वडिलांच्या स्टँडवर दोन पक्ष पडले होते. बैलहोंगलवाल्याच्या घरी मात्र कशाचीच वाट पाहायची नव्हती. वर्षाला एकदा ऊस जायचा आणि पैसे यायचे. म्हणून तो आमची चेष्टा करायचा. मी फोनवर घरी बोलत असलो की मागून कानडीत ‘बरतैति, बरतैति’ म्हणायचा, म्हणजे येतेय, येतेय. ट्रक, विमान की मोटारसायकल हे सांगायचा नाही.

मधल्या काळात मासिकांत चाकणच्या रस्त्यांवर टिपलेले फोटो यायचे. गाडी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळलेली, चालवणाऱ्याचं तोंड झाकलेलं. त्यावरून सायलेन्सर डावीकडे की उजवीकडे, दिवा कोणता, यावर आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्रीही वाद घातले आहेत. नावंही बदलत गेली. क्रॅटोस म्हणता म्हणता शेवटी ‘डॉमिनार’ ठरलं. हे नाव मी डिचोलीला शेजारच्या आजोबांना सांगितलं. ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले. ‘दोमिनार?’ ते म्हणाले, ‘म्हणजे सत्ता गाजवणं. ते त्यांनी आपल्यावर केलं की!’ आणि लगेच हिशेब केला, तिसवाडीवर चारशे एक्कावन्न वर्षं, डिचोलीवर एकशे ऐंशी, पेडण्यावर त्याहून थोडं कमी. पेडण्याच्या मित्राला हे सांगितल्यावर तो पुढे कितीतरी दिवस त्या ‘कमी’चा तोरा मिरवत होता.

आणि मग सगळं एकदम आलं. ८ नोव्हेंबर २०१६ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. १३ नोव्हेंबरला मोपाची पायाभरणी झाली. १५ डिसेंबरला डॉमिनार बाजारात आली. ३७३ सीसी, ३५ अश्वशक्ती, वजन १८२ किलो. उतारावर गिअर घाईनं खाली आणला तरी मागचं चाक उसळू न देणारा क्लच. पण उलटे फोर्क गेले होते, साधे आले होते. किंमत दिल्लीत साधीची एक लाख छत्तीस हजार, एबीएसवालीची दीड लाख. नोंदणीला नऊ हजार. देशभर लोक बँकांच्या रांगांत उभे असताना कुणी मोटारसायकल काढावी आणि कुणी घ्यावी, याचं आम्हाला तेव्हा हसू आलं. तरी त्याच आठवड्यात पेडणेवाल्यानं नऊ हजार भरले. त्याला नोकरी लागून सहा महिने झाले होते. एबीएसचीच घेतली. वरचे चौदा हजार काकानं दिले.

मी घरी गेलो. खाणी चालू होत्या, फेऱ्या थोड्या पण मिळत होत्या. बाबांनीच विषय काढला, ‘कितें, आयली तुजी गाडी?’ आली म्हटलं. त्यांनी वही उघडली. तीन वर्षं एका जागी उभं राहून ट्रकाच्या टायरांना बाजूनं भेगा पडल्या होत्या. सहा तरी बदलायलाच हवे होते. वहीत एका बाजूला टायर लिहिले, दुसऱ्या बाजूला माझ्या गाडीचा पहिला हप्ता, आणि वही माझ्याकडे सरकवली. ‘तूं सांग.’ आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. मी म्हटलं, टायर. बाबांनी पेन बंद केलं आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र मला बाजारात नेऊन मिसळ खाऊ घातली, जे ते सहसा करत नाहीत.

डॉमिनारचं पुढे काय झालं हे वाचकांतल्या जाणकारांना ठाऊक असेल. कंपनीची अपेक्षा महिन्याला दहा हजारांची होती, तितक्या काही खपल्या नाहीत. २०१७ मध्ये ‘हत्ती पाळू नका’ अशा अर्थाच्या जाहिराती आल्या. हत्ती म्हणजे कोण हे लहान पोरानंही ओळखलं. पण दर नोव्हेंबरात वागातोरला हत्तींची जत्रा भरतच राहिली, आणि देशभरातले बुलेटवाले चोर्ला उतरून आमच्याच रस्त्यानं धडधडत जात राहिले. माझ्या मते जाहिरात करणाऱ्यांना माणसाचा एक स्वभाव कळला नव्हता. हत्ती उपयोगाचा म्हणून कुणी पाळत नाही.

मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. सहा टायर जवळजवळ नवेच होते. या खेपेला बाबांनी रविवारचं इंजिन दोन-तीनदाच चालू केलं. दिवाळीनंतर कोल्हापूरकडचं एक गिऱ्हाईक आलं. त्यानं इंजिन ऐकलं, खाली वाकून टायरांवरून हात फिरवला, आणि आपण होऊन भाव वाढवला. ट्रक गेला. वाढलेली रक्कम बाबांनी वेगळी बांधून माझ्यापुढे ठेवली. ‘हे टायरांचे. तुजे.’

एप्रिल २०१९ मध्ये डॉमिनारची सुधारलेली आवृत्ती आली, चाळीस अश्वशक्तीची, आणि तिला भिंतीवरच्या फोटोतले उलटे फोर्क होते. मला तोवर या महाविद्यालयात तासिकेवर काम मिळालं होतं. पुंजीत कर्जाची भर घातली आणि मे महिन्यात गाडी घरी आणली. बाबांनी चष्मा लावून ती तपासली. ‘ह्या नळ्या उलट्या बसवल्यात,’ म्हणाले. मी म्हटलं, तशाच असतात. जड नळी वर घट्ट धरलेली, म्हणून ब्रेक दाबला तर पुढचा भाग वाकत नाही. त्यांना पटलं नाही, पण ऐकून घेतलं.

गोव्यात केरी नावाची तीन गावं आहेत. एक सत्तरीत चोर्ल्याच्या पायथ्याशी, एक फोंड्यात, आणि एक पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी. घाटातल्या केरीहून समुद्रावरच्या केरीला जायचं, हा आम्हा तिघांचा टिळकवाडीच्या खोलीतला बेत होता. तो मी बाबांना मागे बसवून केला. बैलहोंगलवाल्याला फोनवर कळवलं, तर तो म्हणाला, ‘बंतु?’ म्हणजे, आली? आधी उलट्या दिशेनं केरीला गेलो, तिथून साखळी, डिचोली, अस्नोडा, कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात. खाण बंद होती, रस्त्यावर लाल माती जवळजवळ नव्हती. चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस मागे बसला की प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय ब्रेक दाबतो, हे मला त्या दिवशी पाठीला जाणवलं. अस्नोड्यानंतर ते थांबलं.

पेडण्याचा मित्र हरमलला भेटला, आपल्या गाडीसकट. दोन्ही गाड्या शेजारी लावून आम्ही फोर्कांची तुलना करत होतो, तोवर बाबांनी रस्त्याकडेच्या बाईकडून पाच किलो हरमलची सुकी मिरची घेतली. सामान बांधायला कंपनीनं सीटखाली रबरी पट्टे दिलेत, ते मी काढून दाखवले. बाबांनी ते ओढून पाहिले, परत आत ठेवले, आणि बाईकडून काथ्याची दोरी मागून घेतली. ट्रकाच्या ताडपत्रीला मारतात तशी गाठ मारली, दोनदा हिसका देऊन पाहिला आणि म्हणाले, ‘चल.’